सत्तरीनंतर हृदय आणि महाधमनीची तपासणी: काय आधी, काय नंतर

वयस्कर रुग्णाची फाइल उघडली की तिच्यात तपासण्या सहसा कमी नसतात. दोन इसीजी, तीनदा केलेले लिपिड प्रोफाइल (रक्तातील चरबीचे माप), एखादा टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), पॅकेजमध्ये आलेली स्ट्रेस टेस्ट (ट्रेडमिलवर चालवून काढलेला इसीजी) एवढे सगळे असते आणि तरीही दम नेमका कशाने लागतो, हा प्रश्न तसाच उरलेला असतो. बहुतेक वेळा क्रम चुकलेला असतो. हाताने आणि कानाने पाच मिनिटांत कळण्यासारखी गोष्ट न पाहता यंत्राकडे धाव घेतली जाते. शिवाय सगळ्यांचे लक्ष हृदयावर असल्यामुळे त्यातून निघून छातीतून पोटात उतरणारी महाधमनी, म्हणजे शरीरातील सर्वांत मोठी रक्तवाहिनी, कोणी पाहतच नाही. पुढील टप्पे फाइल हातात धरून आईवडिलांना दवाखान्यात नेणाऱ्या माणसासाठी लिहिले आहेत. निदान डॉक्टरच करतील, परंतु ते नीट व्हावे यासाठीची अर्धी तयारी घरात होते.

१. आधी ठरवा: आत्ता निघायचे की वेळ घेऊन जायचे

खालीलपैकी काही असेल तर पुढचे टप्पे वाचत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा इसीजीची आणि भरतीची सोय असलेले जवळचे रुग्णालय गाठा.

छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात उतरणारी कळ, थंड घाम ही लक्षणे सर्वांना ठाऊक असतात. सत्तरीपुढे, विशेषतः मधुमेह असलेल्यांत, हृदयविकाराचा झटका अनेकदा छातीत न दुखताच येतो. अचानक दम लागणे, ओकारी, गळून गेल्यासारखे वाटणे, बोलण्यात गोंधळ, एवढेच दिसते आणि घरात त्याला ‘पित्त झाले’ किंवा ‘गॅस धरला’ असे म्हटले जाते. सोडा पिऊन ढेकर आली, बरे वाटले, म्हणून हृदय ठीक आहे असे सिद्ध होत नाही. छातीचा त्रास असलेला रुग्ण दारात आल्यापासून १० मिनिटांत इसीजी निघून तो डॉक्टरांनी पाहावा, असा दंडक आहे. तुम्ही पोहोचलात आणि तो निघत नसेल, तर आवाज चढवून मागा.

महाधमनीचे दुखणे वेगळे असते. तिच्या भिंतीचा आतला थर फाटतो तेव्हा वेदना हळूहळू वाढत नाही. पहिल्याच क्षणी ती टोकाला असते. रुग्ण ‘काहीतरी फाटले’, ‘दोन खांद्यांच्या मध्ये सुरा खुपसला’ असे सांगतात. सोबत एक हात किंवा पाय गार पडणे, भोवळ येऊन पडणे, पक्षाघातासारखी लक्षणे दिसू शकतात. फाटलेला भाग हृदयालगतच्या चढत्या महाधमनीत असेल आणि उपचार झाले नाहीत, तर पहिल्या ४८ तासांत दर तासाला मृत्यूचा धोका साधारण १ ते २ टक्क्यांनी वाढत जातो. ही वेदना दहा मिनिटांत ओसरली तरी निघावेच लागते.

तिसरी गोष्ट सर्वांत जास्त निसटते. साठी ओलांडलेल्या, विशेषतः धूम्रपान केलेल्या पुरुषाला आयुष्यात प्रथमच ‘मुतखड्याची कळ’ आली, तर पोटातील फुगलेली महाधमनी गळत तर नाही ना, हे सोनोग्राफीने किंवा सीटीने पाहिल्याशिवाय मुतखड्याचे निदान मान्य करू नका. दोन्ही दुखणी कमरेतून जांघेकडे उतरतात.

इशारा: घरात ठेवलेली सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी) जिभेखाली ठेवण्याची घाई करू नका. महाधमनीची झडप, म्हणजे हृदयातून महाधमनीत रक्त जाते त्या दाराची झडप, अरुंद झालेल्या रुग्णाचा रक्तदाब तिने एकदम कोसळू शकतो. पाठीत फाटल्यासारखी वेदना असेल तर डिस्प्रिनही स्वतःहून देऊ नये, कारण महाधमनी फाटली असताना रक्त पातळ करणारी औषधे घातक ठरतात. फोनवर विचारा, मग द्या.

२. घरची नोंद: आठवडाभर आधी सुरू करा

तातडीचे काही नसेल तर सात दिवस घ्या. ही नोंद हा या सगळ्या प्रक्रियेतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त टाळला जाणारा भाग आहे.

‘काय त्रास होतो?’ हा प्रश्न चुकीचा आहे. वयस्कर माणूस त्रास होईल ते काम सोडून देतो आणि मग त्रास नाही असे खरेपणाने सांगतो. माझ्याकडे आलेल्या एका आजी ठामपणे ‘मला काही होत नाही’ म्हणत होत्या. सुनेला विचारले तेव्हा कळले की गच्चीवर पापड वाळत घालणे दोन उन्हाळ्यांपूर्वी बंद झाले, गेल्या चातुर्मासात देवळात जाणे सुटले, आणि आता आंघोळ झाली की आजी पलंगाच्या कडेला दहा मिनिटे बसतात, मग पातळ नेसतात. त्या दहा मिनिटांतच निदान होते: त्यांची महाधमनीची झडप टाचणीच्या फटीएवढी उघडत होती. तेव्हा प्रश्न असा विचारा की मागच्या दिवाळीला काय करत होता आणि आता काय करत नाही. उत्तर रुग्णाकडून घ्या, मग घरातल्या दुसऱ्या माणसाकडून वेगळे घ्या.

यासोबत पुढील गोष्टी लिहा. रात्री झोपताना उशा किती लागतात आणि त्या वाढल्या आहेत का. झोपेतून धाप लागून उठून बसावे लागते का. संध्याकाळी पायांवर सूज येते का. नडगीवर अंगठा काही सेकंद दाबून सोडल्यावर खड्डा राहतो का. चालताना पोटऱ्या भरून येतात आणि थांबल्यावर मोकळ्या होतात का. गेल्या वर्षभरात पडणे झाले असेल, तर पडण्यापूर्वी पाय घसरला होता की डोळ्यांपुढे अंधारी आली होती, हे अगदी नेमके विचारा. ‘न्हाणीघरात घसरले’ अशी नोंद झालेली अनेक पडझड प्रत्यक्षात ठोक्यातील गडबडीमुळे किंवा रक्तदाब उतरल्यामुळे झालेली असते.

वजन रोज सकाळी, लघवी करून आल्यावर, चहापूर्वी, त्याच काट्यावर. दोनतीन दिवसांत दोन किलोच्या आसपास वाढ झाली तर ते अंगावर चढलेले पाणी समजा आणि आठवडा पुरा होण्याची वाट पाहू नका.

रक्तदाब मोजण्याची रीत

येथे इतक्या चुका होतात की स्वतंत्र लिहावे लागते. पाच मिनिटे शांत बसल्यावर, पाठ टेकलेली, पावले जमिनीवर, पायावर पाय नाही, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला, आणि पट्टा उघड्या दंडावर. स्वेटरची बाही वर सरकवून तिच्या वळकटीखाली पट्टा बांधला की आकडा निरुपयोगी होतो. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर रक्तदाब खोटा जास्त दिसतो, आणि वाळलेल्या दंडाला मोठा पट्टा लावला तर खोटा कमी. मोजताना बोलू नये. चहा, तंबाखू, जिना यांनंतर अर्धा तास जाऊ द्यावा.

पहिल्या दिवशी दोन्ही हातांवर मोजा. ज्या हातावर जास्त येतो, त्याच हातावर पुढे मोजत राहा. पाच मिनिटे आडवे पडल्यावर एकदा, उभे राहिल्यावर १ मिनिटाने आणि ३ मिनिटांनी असा आणखी एक संच घ्या. उभे राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर ती स्वतंत्र तक्रार आहे आणि ती डॉक्टरांना सांगायची आहे. उभे असताना जवळ माणूस हवा.

तपासून पाहा: नाडी ३० सेकंद बोटाने मोजा. ठोके कधी लवकर, कधी उशिरा, कसलाही मेळ नसलेले लागत असतील तर तसे लिहा. अशा नाडीत डिजिटल यंत्राचा एकच आकडा फसवा असतो. तीनदा मोजून सरासरी घ्या.

३. औषधांची पिशवी, यादी नव्हे

यादीत नेहमी काहीतरी राहते. घरातील सर्व पाकिटे, अर्ध्या कापलेल्या पट्ट्या, डोळ्यांचे थेंब, गुडघ्यासाठी घेतलेली चूर्णे, सगळे एका पिशवीत घाला आणि पिशवीच न्या. याचे कारण व्यावहारिक आहे.

रक्तदाबासाठीची अम्लोडिपिन पायांवर सूज आणते. ही सूज हृदयाची समजून लघवी वाढवणारी गोळी सुरू होते, तिने सोडियम उतरते, मग तोल जातो आणि आजोबा पडतात. चौथ्या भेटीत कोणीतरी पहिली गोळी पाहते. गुडघ्यांसाठी रोज घेतलेली डायक्लोफिनॅक किंवा ब्रुफेन अंगात पाणी साठवते आणि मूत्रपिंडांवर भार टाकते. प्रोस्टेटसाठीच्या टॅम्सुलोसिनने उभे राहताच रक्तदाब उतरू शकतो. डोळ्यांतील काचबिंदूचे टिमोलॉल थेंबसुद्धा नाडी मंद करू शकतात, आणि थेंबांना औषध म्हणून कोणी मोजतच नाही. सिप्रोफ्लॉक्सॅसिन गटातील प्रतिजैविकांबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१८ मध्ये इशारा दिला आहे की महाधमनी आधीच फुगलेली असेल अशा रुग्णांना, दुसरा पर्याय असताना, ती देऊ नयेत. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी ही औषधे आपल्याकडे सहज लिहिली जातात, म्हणून फुगवट्याची नोंद फाइलच्या दर्शनी भागावर असावी.

इशारा: तपासणीपूर्वी कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका. स्ट्रेस टेस्टसाठी ठोका मंद करणारी गोळी कधीकधी थांबवतात, परंतु ते डॉक्टरांनी दिवस ठरवून सांगायचे असते.

४. पहिली भेट: टेबलावरची तपासणी करून घ्या

रुग्णाला सहज उघडता येईल असा सदरा आणि सैल पायजमा घाला; आजींना पुढून उघडणारे पोलके सोयीचे. जिना चढून आल्याबरोबर आत जाऊ नका. प्रश्नांची उत्तरे रुग्णालाच देऊ द्या. मुलगा किंवा मुलगी मध्येच बोलू लागली की डॉक्टरांना दमाने तुटणारे वाक्य ऐकू येत नाही, आणि ते ऐकणे हीदेखील तपासणीच असते.

या भेटीत चार गोष्टी हाताने व्हायला हव्यात: दोन्ही हातांचा रक्तदाब, छातीवर स्टेथोस्कोप, पोटावर हात, आणि जांघेतील व पावलांवरील नाडी. छातीत दुखत असताना दोन हातांच्या वरच्या आकड्यांत २० पेक्षा जास्त फरक निघाला तर महाधमनी फाटल्याची शंका घ्यावीच लागते. रक्ताची गाठ विरघळवणारे इंजेक्शन देण्यापूर्वी हा एक मिनिट वाया गेला असे मी कधीच म्हणणार नाही. मात्र दोन्ही हात सारखे आले म्हणून ती शंका पुसली जात नाही.

स्टेथोस्कोपबाबत एक गैरसमज आहे. झडपेतून येणारा आवाज मोठा म्हणजे आजार मोठा, असे नसते. हृदय थकले की रक्ताचा जोर कमी होतो आणि झडप अतिशय अरुंद असूनही आवाज हलका होतो. वयस्करांत हा आवाज छातीच्या वरच्या भागाऐवजी डाव्या टोकाला स्पष्ट ऐकू येतो आणि दुसऱ्याच झडपेचा वाटतो. म्हणून आवाज ऐकू आला आणि रुग्णाला दम, छातीत दुखणे किंवा भोवळ यांपैकी काहीही असेल, तर आवाज लहान की मोठा याचा विचार न करता टूडी इको करायचा.

पोटाविषयी माझी स्वतःची चूक सांगतो. कंबरदुखी घेऊन आलेल्या एका आजोबांचा मी दोन भेटींत मणक्याचाच विचार केला आणि एक्सरे काढून घेतला. तिसऱ्या भेटीत त्यांना आडवे करून पोटावर हात ठेवला, तेव्हा बेंबीच्या वर ठोके देणारा गोळा बोटांना लागला. नंतर तोच एक्सरे पुन्हा उजेडात धरला, तर मणक्यांच्या पुढे कॅल्शियमची बारीक वाकडी रेघ स्पष्ट दिसत होती; फुगलेल्या महाधमनीची ती भिंत मी पाहिली होती, पण वाचली नव्हती. हाताला गोळा लागला नाही तरी फुगवटा नाही असे म्हणता येत नाही, स्थूल पोटात तर नाहीच.

५. इसीजी आणि रक्त

जुना इसीजी सोबत न्या. वयस्करांचा इसीजी क्वचितच पूर्ण सामान्य असतो. त्यातील बदल कालचा आहे की दहा वर्षांपूर्वीचा, हे जुन्या कागदावरूनच कळते. त्या कागदाची छपाई उष्णतेने पुसट होते, म्हणून फोटो काढून ठेवा. एक इसीजी सामान्य आल्याने हृदयविकार नाही असे ठरत नाही. दुखणे चालू असेल तर तो थोड्या थोड्या वेळाने पुन्हा काढतात.

ठोक्यांतील गडबड येते आणि जाते. २४ तासांच्या होल्टरमध्ये (अंगावर लावून सतत इसीजी नोंदवणाऱ्या यंत्रात) ती सापडली नाही, तर त्या दिवशी ती नव्हती एवढाच अर्थ होतो. आठवड्यातून एकदा धडधड होत असेल तर जास्त दिवस चालणारी नोंद मागा आणि होल्टर लावलेल्या दिवशी घरात पडून न राहता नेहमीची कामे करू द्या. अनियमित ठोके म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन निघाले, तर ७५ पार केलेल्यांत पक्षाघाताचा धोका केवळ वयामुळेही बराच असतो; ‘इकोस्प्रिन (अ‍ॅस्पिरिन) चालू आहे ना’ हे त्यावरचे उत्तर नव्हे, रक्त पातळ करणाऱ्या खऱ्या औषधाविषयी विचारा.

रक्तात हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारे माप), सोडियम, पोटॅशियम, साखर आणि थायरॉइड एवढे आधी करा. हिमोग्लोबिन ७ असलेल्या आजींना दम लागतो तेव्हा पुढच्या महागड्या तपासण्या थोड्या थांबू शकतात.

हृदयाची ताकद कमी पडते का, हे पाहण्यासाठी एनटी-प्रोबीएनपी (ताण आलेल्या हृदयातून रक्तात येणाऱ्या द्रव्याचे माप) उपयोगी पडते. दम लागणे हळूहळू वाढले असेल आणि ते १२५ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल तर कारण बहुधा दुसरीकडे आहे. वरच्या बाजूला मात्र सावध राहा: वय, मूत्रपिंडाचा आजार आणि एट्रियल फिब्रिलेशन या तिन्हींमुळे आकडा वाढतो, तर स्थूलतेत तो खोटा कमी दिसतो. तातडीच्या विभागात ७५ वर्षांवरील रुग्णात हृदय कमी पडत असल्याचे ठामपणे म्हणण्यासाठी १८०० ची पातळी धरतात, आणि तो आजार बाजूला सारण्यासाठी ३०० च्या खालची. ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारे प्रथिन) एकदाच करून थांबू नये. मूत्रपिंड कमजोर असलेल्यांत ते नेहमीच थोडे वाढलेले असते. काही तासांनी पुन्हा केल्यावर ते चढते की तसेच राहते, यावर अर्थ ठरतो.

६. टूडी इको: कोणते आकडे मागायचे

साध्या इकोला उपाशी राहावे लागत नाही. डाव्या कुशीवर वळावे लागते, तेव्हा खांदा किंवा मान दुखत असेल तर आधी सांगा. त्या वेळचा रक्तदाब रिपोर्टवर लिहून घ्या. तो १९० असताना मोजलेली झडप दिसते त्याहून वेगळी असू शकते.

घरचे लोक रिपोर्टमध्ये फक्त इएफ, म्हणजे एका ठोक्याला हृदय आतले किती टक्के रक्त बाहेर ढकलते तो आकडा, पाहतात. ६० टक्के आला की सुटकेचा श्वास टाकतात. परंतु आकुंचन चांगले असूनही हृदय ताठर झाल्यामुळे दम लागतो आणि पायांवर सूज येते. वयस्कर स्त्रियांत हा प्रकार विशेष दिसतो. उलट ‘ग्रेड वन डायस्टोलिक डिसफंक्शन’ (हृदय सैल होण्यात किंचित उणीव) हे शब्द सत्तरीपुढच्या जवळजवळ प्रत्येक रिपोर्टवर असतात आणि तेवढ्यावरून आजार ठरत नाही. त्यावरून रात्रभर जागलेली कुटुंबे मी पाहिली आहेत.

महाधमनीच्या झडपेसाठी तीन आकडे एकत्र वाचायचे असतात. रक्ताचा सर्वोच्च वेग सेकंदाला ४ मीटर किंवा जास्त, सरासरी दाबफरक ४० मिमी पारा किंवा जास्त, आणि झडपेची फट १ चौरस सेंटिमीटर किंवा त्याहून कमी, असे तिन्ही जुळले तर झडप तीव्र अरुंद आहे. पेच पडतो तो आकडे जुळत नाहीत तेव्हा. फट ०.८ आणि दाबफरक मात्र २८, असा रिपोर्ट आला की कोणी ‘मध्यम’ लिहून मोकळे होते. वास्तविक तीन शक्यता असतात. वेग चुकीच्या कोनातून मोजला गेला असेल. तो छातीच्या एकाहून अधिक जागांवरून मोजावा लागतो. रुग्ण चणीने लहान असेल. आपल्याकडील पाच फुटांच्या आतल्या आजींत ०.९ ची फट कधीकधी मध्यमच ठरते, म्हणून शरीराच्या आकारमानाशी भागून पाहतात आणि तेव्हा तीव्रतेची सीमा ०.६ असते. किंवा हृदयच इतके कमी रक्त पुढे ढकलत असेल की दाब तयार होत नाही, आणि झडप खरोखर तीव्र अरुंद असेल. ही तिसरी शक्यता सुटली तर उपचार सुटतो. अशा वेळी डोब्युटामिन (हृदयाचा जोर वाढवणारे औषध) देऊन केलेला इको, किंवा झडपेवरील कॅल्शियम मोजणारा साधा सीटी मदतीला येतो. पुरुषांत सुमारे २००० आणि स्त्रियांत १२०० च्या वरचा कॅल्शियमचा आकडा तीव्रतेकडे बोट दाखवतो. या सीटीला रंगद्रव्याचे इंजेक्शन लागत नाही.

ठोके अनियमित असतील तर एका ठोक्याचे माप पुरत नाही; किमान पाच ठोक्यांची सरासरी घेतली का, हे विचारायला संकोच करू नका.

भिंती जाड असल्या की ‘जुना रक्तदाब’ असा शेरा पडतो. रक्तदाब कधीच फारसा नव्हता, इसीजीतील रेषा मात्र बुटक्या आहेत, आणि दोन्ही मनगटांत पूर्वी कार्पल टनेलची (मनगटात दबलेली नस मोकळी करण्याची) शस्त्रक्रिया झाली आहे, अशी जुळणी दिसली तर हृदयात अमायलॉइड (एक विकृत प्रथिन) साठण्याचा आजार आहे का, हे विचारा. त्यासाठी विशिष्ट अणुतपासणी असते, आणि तिच्यासोबत रक्त व लघवीतील प्रथिने पाहावीच लागतात. नुसत्या स्कॅनवर निष्कर्ष काढू नये.

तपासून पाहा: रिपोर्टमध्ये चढत्या महाधमनीचा व्यास मिलिमीटरमध्ये लिहिला आहे का? नसेल तर खोलीबाहेर पडण्यापूर्वी मागा. यंत्र सुरू असताना त्याला अर्धा मिनिट लागतो.

७. महाधमनी: स्वतंत्र माप

पोटातील महाधमनी साधारण २ सेंटिमीटर रुंद असते. ३ किंवा जास्त झाली की तिला फुगवटा म्हणतात. कधीही धूम्रपान केलेल्या ६५ ते ७५ वयाच्या पुरुषांची एकदा सोनोग्राफी करावी, अशी शिफारस अमेरिकेत आहे. इंग्लंडमध्ये पुरुषांना ६५ व्या वर्षी बोलावूनच घेतात. आपल्याकडे असे बोलावणे येत नाही. पण प्रोस्टेटसाठी, पित्ताशयासाठी पोटाची सोनोग्राफी होतेच, तेव्हा ‘महाधमनीची रुंदी लिहा’ एवढे चिठ्ठीवर डॉक्टरांकडून लिहून घ्या. आतड्यांतील वायूने चित्र झाकले जाते, म्हणून सहा तास उपाशी पोटी, सकाळची वेळ घ्यावी. चित्र नीट न दिसल्याचा शेरा असेल तर तो ‘सामान्य’ समजू नका. पुन्हा करून घ्या. बिडी ओढलेल्या व्यक्तीलाही धूम्रपान केलेलेच धरा.

फुगवटा ३ ते ३.९ असेल तर साधारण तीन वर्षांनी, ४ ते ४.९ असेल तर वर्षाने, आणि ५ च्या पुढे सहा महिन्यांनी मोजतात. पुरुषांत ५.५ आणि स्त्रियांत ५ सेंटिमीटरच्या आसपास दुरुस्तीचा विचार होतो. वर्षात १ सेंटिमीटर वाढ झाली किंवा पोट-पाठ दुखू लागली तर त्याआधीच.

सोनोग्राफीत ४.६ आणि महिन्याने सीटीत ४.९ आले, म्हणजे फुगवटा वाढला असे नव्हे. दोन यंत्रे, दोन हात, आणि वाकड्यातिकड्या महाधमनीला तिरका कापलेला सीटीचा काप, यांतून काही मिलिमीटरचा फरक पडतोच. शक्यतो त्याच ठिकाणी, त्याच पद्धतीने मोजा, आणि नुसता रिपोर्ट न घेता सीडी घ्या. छातीतील महाधमनीला हेच लागू आहे.

रंगद्रव्य देऊन करायच्या सीटीपूर्वी क्रिएटिनिन ताजे हवे. मूत्रपिंडे कमजोर असलेल्या मधुमेहीची मेटफॉर्मिन काही दिवस थांबवावी लागू शकते. केंद्राने सांगितलेल्या वेळेपेक्षा जास्त वेळ उपाशी ठेवू नका. पाण्याला मनाई आहे का, हे स्पष्ट विचारा. सकाळी आठची वेळ बारापर्यंत लांबलेली, आजोबा रात्रीपासून कोरडे, आणि इन्सुलिन मात्र नेहमीचे घेतलेले, अशी गाठ तपासणीपेक्षाही धोक्याची असते.

८. स्ट्रेस टेस्ट आणि अँजिओग्राफी: सर्वांत शेवटी

हा क्रम उलटा होण्याचे कारण म्हणजे आरोग्य तपासणीची पॅकेजे. ट्रेडमिल त्यात असते, म्हणून ती होते. महाधमनीची झडप तीव्र अरुंद असून दम, भोवळ किंवा छातीत दुखणे असेल, तर ट्रेडमिलवर चालवणे धोकादायक आहे आणि ते करू नये. म्हणून छातीत आवाज ऐकू येणाऱ्या वयस्कराची स्ट्रेस टेस्ट इकोच्या आधी होता कामा नये.

गुडघ्यांमुळे जो तीन मिनिटांत थांबला, त्याच्या ‘निगेटिव्ह’ स्ट्रेस टेस्टला अर्थ नाही. हृदयावर ताण आलाच नव्हता. इसीजीत डाव्या बाजूचा बंडल ब्रँच ब्लॉक (हृदयातील विद्युत संदेशाच्या वाटेतील अडथळा) असेल तेव्हाही ट्रेडमिलच्या रेषा वाचता येत नाहीत. अशांना औषधाने ताण देऊन केलेला इको किंवा अणुस्कॅन योग्य. हृदयाच्या रक्तवाहिन्यांची सीटी तरुणांत उत्तम काम करते. ऐंशीच्या घरातील कॅल्शियमने भरलेल्या वाहिन्यांत ती अडथळा आहे त्याहून मोठा दाखवते. नळी घालून केलेली अँजिओग्राफी, पुढे स्टेंट, बायपास किंवा झडप बदलण्याची तयारी असेल तरच करावी.

येथे पैशांचाही प्रश्न येतो. ७० वर्षांवरील नागरिकांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून मिळते. त्याखालील संरक्षण मुख्यतः भरती होऊन होणाऱ्या उपचारांसाठी आहे. सुटी इको किंवा सोनोग्राफी त्यात धरून चालू नका. कार्ड आधी काढून ठेवा, आणीबाणीत काढायला वेळ नसतो.

९. रिपोर्ट घेऊन परत जाताना

सगळे कागद तारखेनुसार लावा, सर्वांत नवा वर. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या रिपोर्टची छापील प्रत काढा. मोबाइलच्या पडद्यावर बोटांनी मोठा करून दाखवलेल्या रिपोर्टमध्ये दुसरे पान हमखास सुटते. डॉक्टरांना चार प्रश्न विचारा आणि उत्तरे त्यांच्यासमोरच लिहा. आजाराचे नाव काय? तो कोणत्या पायरीवर आहे? त्रासाचे सगळे कारण यातून मिळते का, की काही उरते? पुढचे माप केव्हा? तिसरा प्रश्न सोडू नका. वयस्करांत एकाच वेळी रक्तक्षय, ताठर हृदय आणि अरुंद झडप असू शकते, आणि पहिले कारण सापडताच शोध थांबतो.

शस्त्रक्रियेचा विषय निघालाच, तर स्वतः रुग्णाला काय हवे आहे, हे मुलांच्या बैठकीआधी त्याला एकट्याला विचारले जावे. तीव्र अरुंद झडप छाती न उघडता जांघेतून बदलता येते, म्हणून ‘या वयात कुठे ऑपरेशन’ हे वाक्य ऐकले की थोडे थांबा आणि हृदयरोगतज्ज्ञ व शल्यचिकित्सक दोघांचे मत घ्या.

झडप दोन पाकळ्यांची निघाली, किंवा छातीतील महाधमनी फुगलेली आढळली, तर रुग्णाच्या सख्ख्या भावाबहिणींना आणि मुलांना एकदा इको करून घ्यायला सांगा. सौम्य अरुंद झडपेचा इको तीन ते पाच वर्षांनी, मध्यमचा एकदोन वर्षांनी, आणि त्रास नसलेल्या तीव्र झडपेचा सहा महिने ते वर्षभरात पुन्हा करतात; दम, भोवळ किंवा छातीत दुखणे सुरू झाले तर तारखेची वाट पाहायची नसते. ती तारीख, या वेळचे माप आणि ते कोणत्या केंद्रात घेतले, हे तिन्ही फाइलच्या आतल्या पुठ्ठ्यावर शाईने लिहा. स्टिकर लावलेले कागद गळून पडतात.